आप्पा खाडी पाहायला आले

आमच्या घरातली मुलगी कुठे द्यायची असली की आधी आप्पा जाऊन येतात. आप्पा म्हणजे माझे थोरले चुलते. घर एकत्र आहे आणि घरातला शेवटचा शब्द त्यांचा. स्थळ पाहायला गेले तरी ते बैठकीत बसत नाहीत. आधी विहिरीवर जातात, ओंजळीत पाणी घेऊन पितात. मग रानात जातात, ढेकूळ फोडतात, चिमूटभर माती जिभेला लावतात आणि थुंकतात. मुलगा किती शिकला, काय करतो, हे त्यानंतर. माझ्या दोन्ही चुलतबहिणींची लग्नं अशीच ठरली. एक चांगलं बंगल्याचं स्थळ त्यांनी नाकारलंही. घरी येऊन एवढंच म्हणाले, "पाणी मचूळ हाय."

हे सांगायचं कारण, माझ्या पुढच्या शिक्षणाचा निर्णयही त्यांनी असाच घेतला. तेव्हा मला त्याचं थोडं हसू आलं होतं आणि थोडी लाजही वाटली होती. आता तसं वाटत नाही.

आमचं गाव भीमेच्या काठावर आहे. नदीच्या अलीकडे दौंड तालुका, पलीकडे शिरूर. मी पलीकडे शिकले. चौफुल्याकडून येणारी एसटी फाट्यावर पकडायची आणि शिरूरला डेपोत उतरायचं, अशी तीन वर्षं गेली. घरात माझ्याआधी कुणी कॉलेजात गेलं नव्हतं, त्यामुळे तिथे गेल्यावर कुणाला काय विचारायचं असतं तेच कळत नव्हतं. बॉटनी मी निवडली ती फार विचार करून नव्हे. त्या वर्गाच्या वेळा एसटीला जुळत होत्या. पण शिकवणाऱ्या मॅडम चांगल्या होत्या आणि हळूहळू मला त्यात गोडी लागली.

दुसऱ्या वर्षाला असताना मॅडम आम्हाला सहलीला कोकणात घेऊन गेल्या. सगळ्यांना समुद्र बघायचा होता, मलाही. मॅडमनी बस आधी एका खाडीच्या काठी थांबवली. ओहोटी होती. समोर काळा, मऊ, चकाकणारा चिखल आणि त्यात दाट झाडी. झाडांखाली चिखलातून बोटाएवढे खुंट सरळ वर आलेले होते, जिकडे पाहावं तिकडे. मॅडम म्हणाल्या, ही मुळं आहेत. चिखलात हवा नसते म्हणून ती श्वास घ्यायला वर येतात. हे झाड तिवराचं. त्याच्या पुढे, अगदी पाण्याच्या कडेला कांदळ होतं. त्याची मुळं खोडातून कमानीसारखी निघून चिखलात उतरली होती आणि फांद्यांना शेवग्याच्या शेंगेसारखं काहीतरी लोंबत होतं. ती शेंग नव्हती, रोप होतं. कांदळाचं बी झाडावर असतानाच उगवतं. कोंब लांब वाढतो, तयार झाला की सुटतो आणि खाली चिखलात रोवला जातो, नाहीतर पाण्याबरोबर जाऊन दुसरीकडे कुठेतरी रुजतो.

आमच्याकडे पेरणी म्हणजे वाफसा बघायचा, बी टाकायचं आणि उगवेपर्यंत धाकधूक. इथे झाड आपलं पोर उगवून मगच खाली सोडत होतं. मी त्या शेंगेकडे बराच वेळ बघत राहिले. पायाशी निवट्या उड्या मारत होत्या. डोक्यावर डोळे असलेले, चिखलावर चालणारे छोटे मासे. बसमध्ये परत बसले तेव्हा मला घरी जायला नको वाटत होतं. असं मला आधी कधी वाटलं नव्हतं. त्यानंतर समुद्र पाहिला, पण तो आता फारसा आठवत नाही.

शेवटच्या वर्षाची परीक्षा झाली आणि मॅडमनी मला एका ठिकाणाबद्दल सांगितलं. कोकणातल्या एका कॉलेजात किनाऱ्यावरच्या निसर्गाचं एमएस्सी होतं. प्रवेश पुढे व्हायचा होता, पण खाडीतल्या झाडांच्या पाहणीसाठी त्यांना उन्हाळ्यातच मदतीला मुली हव्या होत्या. राहायची सोय खाडीकाठच्या एका घरात. "ये, बघ, जमलं तर तिथेच राहा," असा तिथल्या मॅडमचा निरोप होता.

घरी दुसरंच ठरत होतं. रांजणगावच्या एका कंपनीत क्वालिटीला मुली घेत होत्या आणि कंपनीची बस आमच्या फाट्यापर्यंत येत होती. वडिलांना ते बरं वाटत होतं. वाईट नव्हतंच ते. माझ्या वर्गातल्या तिघी जणी तिथे लागल्या होत्या. पहिले दोन दिवस मी हे फक्त आईला सांगितलं होतं. तिसऱ्या दिवशी आईने जेवताना विषय काढला, कारण मला तो काढता येत नव्हता.

"खाडी म्हंजी काय असतं?" आप्पांनी विचारलं.

मी म्हणाले, "समुद्राचं पाणी आत गावापर्यंत येतं ना, ती."

"पाणी गावापर्यंत येतं."

"व्हय."

"आन् तू तिथं राहणार."

आप्पांचं आणि पाण्याचं काय आहे ते आमच्या घरात सगळ्यांना माहीत आहे. वरच्या धरणांतून पाणी सोडलं की भीमा चढते. मोबाईलवर क्युसेकचे आकडे यायला लागले की आप्पा सगळी कामं टाकून नदीवर जातात आणि काठावरची मोटर काढून वर आणतात. एका वर्षी मेसेज उशिरा आला. मोटर गेली, पाइप गेले, आणि पाण्यात उतरलेल्या आमच्या सालगड्याला आप्पांनी केसाला धरून बाहेर ओढलं होतं. तेव्हापासून ते वाहत्या पाण्याकडे पाठ करून बसत नाहीत.

"तिथं काय शिकायचंय?" त्यांनी पुढे विचारलं.

"झाडं. खाऱ्या चिखलात उगवतात ती."

"खाऱ्यात झाड येत न्हाई," आप्पा म्हणाले. आमच्या नदीकडच्या गाळाच्या, म्हणजे मळीच्या पट्टीत उसाला पाणी देऊन देऊन रान चोपण झालंय. उन्हाळ्यात त्याच्यावर मीठ फुलून पांढरं दिसतं, आणि तिथे वेड्या बाभळीशिवाय काही येत नाही. त्या पट्टीत आप्पांनी जिप्सम टाकून पाहिलं, चर काढून पाहिले. त्यामुळे माझं बोलणं त्यांना थट्टेचं वाटलं असावं.

आई म्हणाली, "मग बघून या की. पोरीचं स्थळ बघायला जाता, हे बी बघा."

ती सहज बोलली. पण आप्पांना ते पटलं. त्यांनी पंचांग काढलं, अमावास्या टाळली आणि वैशाखातली पौर्णिमा धरली, चांगल्या कामाला चांगला दिवस म्हणून. खाडीला जायचं असेल तर पंचांग वेगळ्या रीतीने वाचावं लागतं, हे तेव्हा आमच्यापैकी कुणालाच ठाऊक नव्हतं. मी बॉटनी शिकले होते, मलाही नाही.

पहाटे कांद्याच्या पिकअपमधून निघालो. वडील गाडी चालवत होते, शेजारी धुतलेला पांढरा सदरा आणि टोपी घातलेले आप्पा. मी आणि आई मागे, ताडपत्री घातलेल्या सामानाला टेकून. आई म्हणाली, गोणपाट आणि जेवणाचे डबे आहेत. घाट उतरल्यावर हवा दमट झाली. आईने पदराने घाम पुसला आणि म्हणाली, "इथं पापड वाळायचं न्हाईत."

आम्ही पोचलो तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. पत्त्यावरचं घर थोड्या उंचावर होतं. खाली रस्ता, रस्त्याखाली बांध आणि बांधापलीकडे, जिथे मी चिखल आणि मुळं दाखवणार होते, तिथे नुसतं पाणी. झाडं गळ्यापर्यंत बुडालेली. काहींचे तर शेंडेच वर. पाणी बांधाच्या अंगाने हळूहळू चढत होतं आणि त्यात पालापाचोळा, प्लॅस्टिकच्या बाटल्या गोल फिरत होत्या. अगदी भीमा चढताना दिसते तसं.

आप्पा गाडीतून उतरले, एकदा वर बघितलं. आभाळ स्वच्छ होतं.

"धरणाचं पाणी सोडलंय," ते म्हणाले. आणि मग वडिलांना, "गाडी मागं घे. वर लाव, वर."

वडिलांनी काही न विचारता गाडी मागे घेतली. तेवढ्यात आप्पांना बांधावरून येणाऱ्या बायका दिसल्या. तिघी-चौघी होत्या, गुडघ्यापर्यंत भिजलेल्या, डोक्यावर टोपल्या, आरामात गप्पा मारत. आप्पा त्यांच्याकडे हात करत पळत सुटले. त्यांना पळताना मी पहिल्यांदाच बघत होते.

"बायांनो, वर या! पाणी सोडलंय! टोपल्या टाका आन् वर या!"

बायका थांबल्या. एकमेकींकडे बघायला लागल्या. त्यातली सगळ्यांत पुढची, नऊवारी वर खोचलेली, म्हणाली, "कोनी सोडलंय?"

"धरणातनं. किती क्युसेक सोडलंय, काय मेसेज हाय का तुमच्याकडं?"

ती बाई टोपली धरून हसायला लागली. बाकीच्याही हसल्या. पण ती लगेच थांबली, कारण आप्पांचा चेहरा तिने पाहिला असावा. जवळ येऊन शांतपणे म्हणाली, "अवो दादा, ही भरती हाय. पुनवेचं उधान. आज पानी जास्तच चढतं. तासाभरानं आपलं आपन उतरंल. तुमी घाटावरचं दिसता."

"व्हय. दौंडाकडचं."

"मग पोरीला घेऊन येनार व्हते ते तुमीच. चला घरी."

ती घरमालकीण होती. पुढे मी त्यांना मावशी म्हणायला लागले, म्हणून इथेही तसंच लिहिते. त्या वेळी मात्र मला जमिनीत जावंसं वाटत होतं. पाणी पाहून आप्पा नको म्हणणार हे मला दिसत होतं. भरती-ओहोटी मी पुस्तकात शिकले होते, पण पौर्णिमेला दुपारी इथे काय होईल हे मला सुचलंच नाही.

आप्पा घरात आले नाहीत. ओट्यावर पाण्याकडे तोंड करून बसले. आईने डबे उघडले, पण ते जेवले नाहीत. वडील त्यांच्या शेजारी बसले. मी दारात उभी होते. मावशींनी तिसऱ्यांची, म्हणजे खाडीतल्या शिंपल्यांची, टोपली पाण्यात ओतली आणि शिंपले धुता धुता मोठ्याने, कुणालाच उद्देशून नाही असं, म्हणाल्या, "घाई नको. पानी गेल्यावर बोला."

आम्ही थांबलो. पाणी आणखी थोडं चढलं, मग बराच वेळ नुसतं उभं राहिलं आणि मग उतरायला लागलं. आधी तिवरांच्या फांद्यांवर ओली रेघ दिसली. मग खोडं. मग एकेका ठिकाणी काळा चिखल. तो उघडा पडला तसे त्यातून लाल खेकडे बाहेर आले, एक नांगी शरीराहून मोठी, ती वर-खाली हलवत. बगळे उतरले. खुंटासारखी मुळं दिसायला लागली. आप्पा पुढे पुढे सरकत ओट्याच्या काठाशी आले होते.

"पूर उतरला की भीमेचा गाळ असाच दिसतो," ते शेवटी म्हणाले. "पण हे रोज?"

"दिवसातनं दोन येळा," मावशी म्हणाल्या.

"आन् झाडं जगत्यात?"

"जगत्यात म्हंजे? ती हाईत म्हनून आमी हाव."

मग त्यांनी सांगितलं. काही वर्षांपूर्वी वादळ आलं होतं. या बाजूला झाडी दाट होती, लाटा तिच्यातच मोडल्या, बांध राहिला. पलीकडच्या वळणावर लोकांनी जळणाला आणि कोळंबीच्या तळ्यासाठी झाडं तोडली होती. तिथला बांध फुटला आणि दर्या भातात शिरला. पाणी गेलं, पण मीठ राहिलं.

"मीठ राहिलं म्हंजी? रान दाखवता का?" आप्पा उठले.

आम्ही सगळेच निघालो. आप्पांनी चपला हातात घेतल्या. फुटलेला बांध नंतर दुरुस्त झाला होता, पण आतल्या खाचरांपैकी काही अजून तशीच होती. भेगाळलेली, वर पांढरा थर, कडेला खारट गवत. आप्पा वाकले. ढेकूळ फोडलं, चिमूट जिभेवर ठेवली. थुंकले.

"आपली मळीची पट्टी," ते वडिलांना म्हणाले. वडिलांनी मान हलवली. दोघे भाऊ त्या खाचरात बराच वेळ उभे होते. ऊस, जिप्सम, चर, मोटर, सगळं त्यांच्यामध्ये उभं होतं असं मला वाटलं.

परत येताना आप्पा तिवराजवळ थांबले. मी धीर करून एक पान तोडून दिलं आणि म्हणाले, "आप्पा, हे मागच्या बाजूनं चाटून बघा."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग पान चाटलं.

"खारट."

"झाड मीठ वर ओढतं आणि पानातून बाहेर टाकतं. कांदळाचं वेगळं. ते मुळाशीच बरंचसं मीठ अडवतं. चिपी म्हणून एक झाड आहे, ते…" मी थांबले. मी इतकं बोलते आहे हे माझ्याच लक्षात आलं. आप्पांसमोर मी एका दमात एवढं कधीच बोलले नव्हते.

"मग आपल्या पट्टीत येईल का हे?"

"माहीत नाही आप्पा. खोटं सांगणार नाही. आपली माती वेगळी आहे, आपल्याकडे भरती नाही. आणि येऊन उपयोग काय होईल, तेही मला माहीत नाही."

"मग तुला इथं कशाला यायचंय? कॉलेजातल्या बाई म्हणत्यात म्हणून नको सांगू. तुझं सांग."

या प्रश्नाचं उत्तर मी महिनाभर मनात तयार करत होते. त्यात करिअर होतं, संधी होती, मॅडमचे शब्द होते. त्यातलं एकही त्या चिखलात आठवलं नाही. पाय आत रुतले होते आणि एक खेकडा माझ्या घोट्याजवळ बिळात जात होता.

मी म्हणाले, "मला इथलं नीट कळत नाही, म्हणून. आत्ता पाणी चढलं तेव्हा मलाही कळलं नव्हतं. इथे काय चाललंय ते मला कळून घ्यायचंय. बाकी मला सांगता येत नाही."

आई मागे उभी होती. तिने माझ्याकडे पाहिलं नाही, पाण्याकडे पाहिलं.

आप्पांनी ते पान खिशात टाकलं. मावशींना विचारलं, "तुमची विहीर कुठं हाय?"

विहीर घरामागे, चढावर होती. मावशींनी पोहरा काढून दिला. आप्पांनी ओंजळ धरली, प्यायले, थोडं तोंडात घोळवलं. दर्यापासून इतक्या जवळ पाणी कसं असेल, याची मला भीती होती. त्यांनी दुसरी ओंजळ घेतली. दुसरी ओंजळ ते सहसा घेत नाहीत.

"दोन येळा पाणी येतं म्हणाला," ते मावशींना म्हणाले. "ते कवा येतं, रोज हिला सांगायचं. कामाला आत गेली आन् पाणी फिरलं, असं न्हाई झालं पाहिजे."

"माझ्या घरात ऱ्हानाऱ्या पोरीला मी तेच आधी शिकवते."

"मग ठीक हाय." आप्पा माझ्याकडे वळले. "रानाचंच शिक्षण हाय की हे. आमाला वाटलं, काय तरी निराळंच. पयल्यांदा सांगायचं न्हाई का तसं?"

वडील म्हणाले, "कंपनीवाल्यांना काय सांगायचं?"

"सांग पोरगी शिकायला गेली." मग थोडं थांबून, "आता परत जाऊ. जूनमधी आणून सोडू, सामान घेऊन."

आई तेव्हा पिकअपकडे गेली. तिने ताडपत्री बाजूला केली. खाली माझं अंथरूण होतं, गोधडी होती, कपड्यांची पिशवी, बादली आणि माझी कॉलेजची पुस्तकं, दोरीने बांधलेली.

आप्पा बघत राहिले. "हे कवा भरलं?"

"तुम्ही आंघोळीला गेला होता तवा," आई म्हणाली.

"आन् म्या न्हाई म्हणलो असतो तर?"

"तर परत नेलं असतं. काय जड न्हाई."

आप्पांना हसू आवरेना. वडिलांनाही. मावशी माझी बादली उचलून आत घेऊन गेल्या, जणू हे सगळं सकाळपासून ठरलेलंच होतं. मला मात्र रडू आलं, आणि ते लपवायला मी गोधडी छातीशी धरून आत गेले.

मी आता एमएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. त्याच घरात राहते. काम म्हणजे बहुतेक वेळा ओहोटीला चिखलात उतरायचं, दोरी लावून चौकोन आखायचा आणि त्यातली रोपं, बिळं, मुळं मोजायची. बांधाच्या त्या वळणावर, जिथे झाडी गेली होती, तिथे कांदळाची रोपं पुन्हा धरतात का, हा माझा विषय आहे. काही धरली आहेत. बरीच मेली. का मेली ते अजून मला पूर्ण कळलेलं नाही आणि ते कळेपर्यंत लिहिताना मी घाई करणार नाही.

कधी कधी कमरेपर्यंत चिखलात असताना मनात येतं की मला इथे कुणी आणलं. शिरूरच्या मॅडमनी रस्ता दाखवला, मावशींनी घर दिलं. आप्पांनी त्यांना माहीत असलेल्या एकाच रीतीने, माती आणि पाणी चाखून, मला होकार दिला. त्यांच्याकडे दुसरी रीत नव्हती, आणि माझ्यासाठी ते ती रीत घाट उतरून घेऊन आले. आईला खाडी म्हणजे काय हे त्या दिवसापर्यंत माहीत नव्हतं. तरीही तिने पहाटे, कुणाला न सांगता, माझी गोधडी गाडीत ठेवली होती. ओहोटी संपत आली की मावशी बांधावरून हाक मारतात. मी दोरी गुंडाळते आणि वर येते.